बर्फाचा टँकर

फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातल्या ल्युशों-सुपरबान्येर या स्की केंद्राचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा. फेब्रुवारी 2020 मध्ये, ऐन हंगामात, ऊबदार हवेने खालच्या उतारांवरचा बर्फ पळवला आणि नवशिक्यांच्या घसरगुंडीवर गवत दिसू लागले. सामान्य माणूस अशा वेळी पोरांना म्हणतो, ‘बाळांनो, पुढच्या वर्षी!’ तिथे हेलिकॉप्टर मागवण्यात आले. दोरीला टांगलेली झोळी वर भरायची, खाली रिती करायची. अडीच तासांत सुमारे 50 टन बर्फ उतरला. आमच्याकडे उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात खरे, पण पाणी घट्ट असतानाच उचलावे, ही दूरदृष्टी एकाही टँकरवाल्याला (आणि ती जमात काही भोळी नव्हे) सुचली नाही.

काही कुरकुरे लोक हेलिकॉप्टरच्या धुराविषयी बोलतात. त्यांना धंद्याचे गणित कळत नाही. धुराने हवा तापेल, हवेने बर्फ वितळेल, बर्फ वितळला की हेलिकॉप्टर लागेल. जलचक्र आम्हीही शाळेत शिकलो, पण त्यात भाडे मिळत नव्हते. उद्या वरचा उतारही उघडा पडला, तर पलीकडे स्पेन आहेच. फार तर जकात भरू.

स्कीच्या बालवर्गात पहिला धडा मात्र बदलावा लागेल: आधी वर बघा, मग घसरा.