आडनावाचं डिपॉझिट

मुंबईत भाड्याचं घर शोधायला निघालात की एजंट बजेटच्या आधी आडनाव विचारतो. मग ‘फॅमिली की बॅचलर?’ आणि लगेच ‘व्हेज ना?’ डिपॉझिट, महिन्याभराच्या भाड्याची दलाली, अकरा महिन्यांचा करार हे सगळं त्यानंतर. पैसे उसने आणता येतात. आडनाव कुठून आणायचं?

सप्टेंबर 2023मध्ये मुलुंडला एका बाईंना मराठी म्हणून ऑफिसची जागा नाकारली. त्यांचा व्हिडिओ फिरला, नेते धावले, गुन्हा दाखल झाला. योग्यच झालं. पण पार्ल्यात, ठाण्यात, डोंबिवलीत मालक मराठी असतो, तेव्हा हा संताप कुठे जातो? मुसलमान जोडप्याला मालक गावाला गेल्याचं सांगून खालूनच परत पाठवतात. दलित मुलाचं आडनाव कळलं की सकाळपर्यंत रिकामा असलेला वन बीएचके दुपारी ‘गेलेला’ असतो. एकट्या मुलीने तर रात्री किती वाजता परतणार, कोण भेटायला येणार, याचीही उत्तरं द्यायची. आधीच्या घराचं भाडं तिने वेळेवर भरलं का, हा खरा कामाचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

घर मालकाचं आहे, ते कुणाला द्यायचं ते त्याने ठरवावं. नोकरी, पगार, आधीच्या मालकाचा अनुभव, सगळं तपासावं. जन्म तपासू नये.

कायदा इथे तोकडा पडतो. राज्यघटनेचं कलम 15 दुकानं, हॉटेलं, विहिरींपर्यंत पोचतं. भाड्याच्या खोलीचं नाव त्यात नाही. 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याचा नियम ग्राह्य धरला. आपल्या 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. जात विचारून दार लावणाऱ्याला त्या कायद्यात काहीही नाही.

मुलुंडच्या वेळी आवाज चढवणाऱ्या प्रत्येक पक्षाने याच कायद्यात दुरुस्ती मांडावी: जात, धर्म, भाषा किंवा ताटातलं जेवण यांवरून भाड्याचं घर नाकारलं तर मालकाला दंड, आणि तो निरोप पोचवणाऱ्या एजंटलाही.