हमारी कोई शाखा नहीं है

जयपूरच्या चारदीवारीत रजयांची दुकानं शोधायला जा. सगळेच 'असली', सगळेच 'पुराने', आणि 'हमारी कोई शाखा नहीं है' हे शाखेवरसुद्धा लिहिलेलं. पाट्याही एकसारख्या, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांच्या. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये शहर इतकं मापात आखलं, की दुकान ओळखायचं ते नंबरावरून.

आमच्या सेठजींना वेबसाइट हवी होती. आजोबांच्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी आधीच घेतलेलं निघालं.

"कोण आहे? बसतो कुठं?"

इंटरनेटवर एका पत्त्याचा एकच धनी, हे त्यांना पटेना. शेजारी तीन चुलतभाऊ त्याच आजोबांच्या नावावर सुखेनैव रजया विकत होते. शेवटी डॉट इन मोकळं मिळालं.

"विकत केवढ्याला?"

विकत नसतं, भाडं असतं. एका वेळी फार तर दहा वर्षांचं भरता येतं. भाडं म्हटल्यावर सेठजी खुलले. दुकानाचं भाडं ते अजून आजोबांच्या हिशेबानं देतात. पण इथला घरमालक कोर्टात जात नाही. भाडं थकलं की साइट बंद, मेल बंद, आणि काही आठवड्यांत नाव दुसऱ्याचं. सेठजींचा चहा गार झाला.

नोंदणी करून देणाऱ्या भाच्यानं ती स्वतःच्या नावावर करू नये, एवढी एकच गोष्ट त्यांना समजवावी लागली नाही. घरात वाटणीचे दावे पाहिलेला माणूस!

साइट एका कंपनीकडे आणि मेल दुसरीकडे ठेवता येतो, एमएक्स नावाची नोंद डाकेला वाट दाखवते, हेही त्यांनी झटकन पकडलं. "म्हणजे दुकान इथं, गोदाम सांगानेरला."

मग हिंदी पत्त्याचा हट्ट. गैर काहीच नाही. डॉट भारत २०१४ मध्ये आलं, आणि २०१७ मध्ये राजस्थान सरकारनं लोकांना 'राजस्थान डॉट भारत'चे हिंदी ईमेल दिले, तेही जयपूरच्याच कंपनीच्या तंत्रावर. फक्त यंत्राच्या पोटात 'भारत'चं 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' होतं. सेठजींनी तो कागद दूर धरून वाचला. "हे जर्मन गिऱ्हाईक टाइप करणार?"

डॉट इनच ठरलं. कार्डावर नवा ईमेल छापला, खाली जुना जीमेलही ठेवला. जुनं गिऱ्हाईक कुठं जाईल?

निघताना सेठजी दारापर्यंत आले. आवाज खाली.

"भाईसाब, शेजारच्या चुलतभावाचं नाव अजून मोकळं आहे?"

मोकळं होतं.

"भाडं तेवढंच ना?"