स्वतंत्रपुरातून सुटका

(औंध. यमाईच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं चहाचं हॉटेल. ॲपवाला पुण्यात नोकरीला, सुट्टीसाठी गावी आलेला; औंध परिसराची सफर घडवणारं ॲप त्यानंच बनवलेलं. गुरुजी निवृत्त, हातात मुलानं घेऊन दिलेला आयफोन.)

गुरुजी : बरा सापडलास. तुझ्या ॲपात काल दुपारी अडकलो होतो.

ॲपवाला : कुठं हो?

गुरुजी : स्वतंत्रपुरात.

ॲपवाला : वा! म्हणजे थेट आटपाडीपर्यंत गेलात!

गुरुजी : गेलो, पण परत कोण आणणार? मॉरिस फ्रीडमनच्या कल्पनेवरून औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी 1939 साली ती कैद्यांची वसाहत काढली. भिंत नाही, बेड्या नाहीत. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा निघाला तो तिच्यावरून. जिथून खुनी माणसाला पळता येत होतं, तिथून मला बाहेर पडता येईना!

ॲपवाला : वर डाव्या कोपऱ्यात बाण असतो, गुरुजी.

गुरुजी : दाखव.

ॲपवाला : (फोन बघून) हां... फोटो पूर्ण पडदाभर दिसावा म्हणून मी हेडर लपवलं. बाण त्याच्याबरोबरच गेला.

गुरुजी : नातू म्हणाला, कडेनं बोट ओढा, मागं जातं. बोट झिजलं.

ॲपवाला : ते जेश्चर मीच बंद केलं होतं. लोक फोटो पुढं-मागं सरकवायला जायचे आणि अख्खी स्क्रीनच निघून जायची.

गुरुजी : म्हणजे दारही तूच बुजवलंस आणि खिडकीही. अँड्रॉइडवाल्यांचं काय?

ॲपवाला : त्यांना फोनचंच 'मागे' असतं. मी अँड्रॉइडवरच तपासलं होतं.

गुरुजी : शेवटी फोनच बंद केला. औंध संस्थान विलीन व्हायला 1948 उजाडावं लागलं, तुझं एका बटणात झालं.

ॲपवाला : आजच दुरुस्त करतो.

गुरुजी : थांब, अजून आहे. ॲपातल्या संग्रहालयात गेलो. रविवर्मा पाहिला, खालचं 'मुख्य पान' दाबलं. हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल पाहिलं, 'मुख्य पान' दाबलं. असं चार-पाचदा. मग 'मागे' दाबलं, तर आई-मूल! पुन्हा दाबलं, मुख्य पान! पुन्हा दाबलं, रविवर्मा! सगळं संग्रहालय उलट्या पावलांनी बघितलं.

ॲपवाला : हे मात्र मागच्या महिन्यापर्यंत बरोबर चालत होतं! लायब्ररी अपडेट केली आणि झालं.

गुरुजी : लायब्ररी? हां, म्हणजे वाचनालय नव्हे. सांग.

ॲपवाला : फेसबुकनं 2015 साली रिॲक्ट नेटिव्ह खुलं केलं. एकदा कोड लिहायचा, दोन्ही फोनवर चालवायचा. पण एका स्क्रीनवरून दुसरीवर कसं जायचं, यावर सुरुवातीला चार जणांची चार मतं. मग 2017 च्या सुमारास रिॲक्ट नेव्हिगेशन आलं. त्यात स्क्रीन एकावर एक रचल्या जातात. पुढं गेलं की वर एक चढते, मागं आलं की वरची उतरते.

गुरुजी : म्हणजे पंतांचे सूर्यनमस्कार. ज्या क्रमानं खाली गेलास, त्याच्या उलट क्रमानं वर ये आणि सरळ उभा राहा.

ॲपवाला : अगदी! सहाव्या आवृत्तीपर्यंत 'मुख्य पानावर ने' म्हटलं, की ते पान रचलेल्यात खाली सापडायचं आणि वरच्या सगळ्या स्क्रीन काढून तिथं परत न्यायचं. सातवीपासून तीच आज्ञा दिली की वर नवं मुख्य पान चढतं.

गुरुजी : का बरं?

ॲपवाला : आधी एकच आज्ञा कधी पुढं न्यायची, कधी मागं. वाचून कळायचं नाही. आता पुढं जायला 'नेव्हिगेट', मागच्या ठरावीक पानावर यायला 'पॉप-टू'. साफ काम. मला फक्त एक शब्द बदलायचा होता.

गुरुजी : अपडेट करताना लिहून देत नाहीत?

ॲपवाला : देतात की. पानभर मार्गदर्शन असतं.

गुरुजी : वाचलंस?

ॲपवाला : (चहा पितो.)

गुरुजी : समजलं. आणखी काय सुधारलं त्यांनी?

ॲपवाला : स्क्रीनची यादी एकाच ठिकाणी सलग मांडता येते. चौथ्या आवृत्तीपर्यंत तसंच होतं, 2020 ला पाचवीत काढलं, 2024 ला सातवीत नव्या रूपात परत आणलं.

गुरुजी : म्हणजे परत यायचं तुझ्या लायब्ररीला बरोबर जमतं. अडकतो तो मी!

ॲपवाला : (लॅपटॉप उघडून) हे बघा, 'पॉप-टू' टाकलं. जेश्चर चालू केलं. फोटोवर छोटा बाणही ठेवला. आता दाबा.

गुरुजी : स्वतंत्रपूर... मागे... आटपाडी... मागे... मुख्य पान. सुटलो! एवढ्यासाठी पुण्याला पगार देतात?

ॲपवाला : गुरुजी, पुढच्या वेळी गावाला देण्याआधी तुम्हालाच दाखवीन. जे तुमच्या हातात टिकेल ते कुठंही टिकेल.

गुरुजी : मानधन?

ॲपवाला : ॲपात नाव घालतो ना! 'चाचणी साहाय्य' म्हणून. कुठल्या पानावर घालू?

गुरुजी : स्वतंत्रपुराच्या. तिथं माणूस बराच वेळ थांबतो.

ॲपवाला : आता कुठला थांबतोय? बाण दिलाय की.

गुरुजी : मग तो बाण काढ!