पाणी मोजून झालं, आता मासे मोजा

पावसाळ्यात सुरतेतल्या माणसाला दोनच आकडे तोंडपाठ असतात: कापडाचा भाव आणि उकाई धरणाची पातळी. पाणी ३४५ फुटांच्या भरल्या पातळीकडे सरकलं की लिंबायतपासून अडाजणपर्यंत झोप उडते. ऑगस्ट २००६चा पूर अंगावरून गेलेल्या शहराला ही धास्ती शोभतेच. पण याच पाण्यात मासे किती, कोणते, किती वजनाचे, हे विचारून बघा. समोरचा तुम्हाला लोचो खाऊ घालील, उत्तर देणार नाही.

उकाई धरण १९७२ साली पुरं झालं. जलाशय भरला की पसरतो सुमारे ६०० चौरस किलोमीटर, शेपूट थेट नंदुरबार जिल्ह्यात. जमिनी बुडाल्या त्या गामित, वसावा अशा आदिवासींच्या. नांगर गेला, अनेकांच्या हाती जाळं आलं. मग मत्स्य खात्याने कटला, रोहू, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायला सुरुवात केली. सोडलेली बोटुकली मोजतात. वाढलेला मासा मोजायचा कंटाळा.

हे मासे साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाचा लोंढा आला की ते नदीच्या वरच्या अंगाला चढतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी तोंडाशी जाळं लावून बसतं. म्हणून पावसाळी बंदी. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठं ठेवायचं तो अशासाठी की माशाने मरण्याआधी एकदा तरी अंडी घालावीत. साधा हिशेब आहे. पण बारीक आसाचं नायलॉन स्वस्त मिळतं, आणि सरकारी पैशाने सोडलेली बोटुकली सरकारी नियम मोडून टोपलीत येते.

आता शिकारी माशाकडे, मरळीकडे वळू. मरळ म्हणजे गुंड, आधी तिला काढा, मग बीज सोडा, असं आपलं मत्स्यशास्त्र वर्षानुवर्षं शिकवत आलं. शेततळ्यात ते बरोबर. एवढ्या मोठ्या जलाशयात मात्र फुकट माजणाऱ्या बारक्या माशांना धाक कुणाचा? मरळीचं नर-मादी जोडपं पिल्लांच्या थव्यावर पहारा देतं. जोडपं उचललं की थवा बेवारस. आणि मरळीला भाव चांगला, त्यामुळे तिला उचलणाऱ्यांची रांग असते. आणि धाक नसला की काय माजतं, ते चिलापी दाखवते. ती १९५२ साली देशात आणली, १९५९ साली तिच्या प्रसाराला मनाई झाली. चिलापीने तो आदेश वाचला नाही. उजनी जलाशयाच्या काठी भिगवणच्या बाजारात जाऊन बघा, कुणाचं राज्य आहे ते. मरळ पुरेशी असती तर चिलापी संपली असती असं नाही, पण तिच्या पिल्लांना इतकी मोकळीक मिळाली नसती.

मग बाहेरून शिकारी आणायचा का? व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च सोडला. त्याने शेकडो देशी जाती फस्त केल्या. आपल्याकडे मांगूर झालाच: थाई मांगुरावर २००० साली बंदी, आणि नंतर महाराष्ट्रातल्या तळ्यांतून तो टनांनी काढून पुरावा लागला. अमेरिकेत मॅडिसनच्या मेंडोटा तलावात १९८७ साली तिथलेच शिकारी मासे वाढवायला घेतले. त्यांनी बारके मासे खावेत, मग पाण्यातले सूक्ष्म जीव वाढावेत आणि त्यांनी शेवाळ खावं, असा बेत. बातमी फुटली आणि गळ टाकणाऱ्यांची झुंबड उडाली. शेवटी किती मासे न्यायचे, किती लांबीचे न्यायचे, याच्या मर्यादा कडक कराव्या लागल्या. म्हणजे शिकारी मासा सोडायचा तर आधी शिकारी माणसाला आवरावं लागतं.

आपण उलट करतो. अनेक राज्यांत जलाशय ठरावीक वर्षांच्या ठेक्याने जातात. मुदत संपायच्या आत पैसे वसूल करणाऱ्याला पुढच्या मृगातल्या कटल्याशी काय देणंघेणं? नियम दाखवायला मात्र टायरच्या ट्यूबवर बसलेला एकटा मासेमार सापडतो.

ठेक्याच्या करारात माशाची किमान लांबी लिहा. पिल्लांवर असलेल्या मरळीला हात लावायला बंदी घाला. काठावर रोजची आवक वजनासकट नोंदवा आणि गावात फळ्यावर लावा. जाळं कसलं, बंदी कधी, हे नियमांनी ठरवायचा अधिकार राज्यांना १८९७च्या मत्स्य कायद्यानेच दिला होता. गुजरातचा स्वतःचा कायदा २००३चा आहे. नवं काही लागत नाही. आस मोजायला पट्टी लागते, ती शाळेच्या दप्तरातही असते.