निवांतपणाचा मुकादम

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक नावाचं गाव आहे. सुरूच्या झाडांची लांबलचक रांग, तिच्यापुढे पांढरी वाळू, मग कमरेइतकं संथ पाणी आणि पार लांब प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची रेघ. मेच्या सुट्टीत पुण्या-ठाण्याहून आलेलं कुटुंब इथे लांबूनही ओळखता येतं: सगळे पाण्यात आणि एक जण काठावर उभा. खांद्यावर सगळ्यांचे टॉवेल, गळ्यात सगळ्यांचे मोबाइल कोंबलेला वॉटरप्रूफ पाऊच, डोक्यावर कंपनीच्या कुठल्याशा मेळाव्यात फुकट मिळालेली टोपी आणि मनगटावरचं घड्याळ अजून भारतीय वेळेवर. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्यामुळे मुलं नाश्त्याला उठतात तेव्हा याच्या हिशेबाने अर्धी सकाळ वाया गेलेली असते. हा निवांतपणाचा मुकादम. कुटुंबाने आराम करावा, वेळेत करावा आणि पैसे वसूल होतील इतका करावा, हे त्याने अंगावर घेतलेलं काम. त्याला सगळे हसतात, आणि त्याच्याविषयीचं निदानही ठरलेलं आहे: मराठी मध्यमवर्गीय पुरुषाला आराम म्हणून करता येत नाही. मला हे निदान मान्य नाही. माझ्या मते तो आरामच करत असतो. फक्त उभ्याने करतो.

पुरावा त्याच्या धावपळीतच आहे. ती गरजेपोटी असती तर गरज संपली की थांबली असती, आणि या बेटावर गरज मुळातच थोडी. भारतीय पर्यटकाला व्हिसा विमानतळावर उतरल्यावर आणि फुकट मिळतो. या बातमीने एखादा सुखावेल. मुकादम खट्टू होतो, आणि मग प्रत्येक पासपोर्टच्या तीन-तीन झेरॉक्स काढून वेगवेगळ्या बॅगांत ठेवल्यावरच त्याला बरं वाटतं. समुद्राचंही तेच. बेटाभोवती प्रवाळाचं जवळजवळ अखंड कडं आहे, लाटा बाहेरच्या बाहेर फुटतात, आणि भरती-ओहोटीतलं अंतर जेमतेम अर्धा मीटर. अलिबागला ओहोटीत ज्या कुलाबा किल्ल्यापर्यंत माणूस चालत जातो, तिथे भरतीला होडी लागते. अशा समुद्रावर वाढलेल्या भीतीला फ्लिक-आँ-फ्लाकच्या उथळ पाण्यात काहीच काम नाही. तरी दर दोन मिनिटांनी ‘पुढे जाऊ नका रे!’ ही आरोळी उठतेच. गंमत अशी, की दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, खवळलेला समुद्र थेट कड्यावर आदळतो. तिथे मात्र हाच गृहस्थ पोरांना ‘अजून थोडं मागे सरका, लाट फोटोत येऊ दे’ असं सांगत असतो. राखणीचा धोक्याशी संबंध असता तर हे उलटं झालं असतं. राखण हा त्याचा छंद आहे, आणि छंदाला कारण लागत नाही.

तीच गोष्ट हिशेबाची. तिथलंही चलन रुपयाच, पण तो आपल्या रुपयाहून महाग. पावणेदोनने गुणायचं की सरळ दोनने, यावर मुकादमाचं मन दिवसभर रमतं. वाळूत अननस सोलून त्याला मीठ-मिरची लावून देणारा विक्रेता आला, की मुलं फोडी खातात, हा गुणाकार खातो. ‘ढॉल पुरी’ मात्र तो तोंडभरून वाखाणतो. डाळीचं सारण भरलेली ती मऊ पोळी म्हणजे गूळ घालायचा राहून गेलेली आपली पुरणपोळीच, असं तो दोन दिवस सगळ्यांना सांगतो, आणि तिसऱ्या दिवशी खोलीतल्या किटलीत पाणी उकळून घरून आणलेला पोह्यांचा डबा उघडतो. सहलीचा तक्ताही पाहण्यासारखा. ‘या वेळी नुसतं निवांत’ अशी घोषणा जानेवारीत होते. मग पाच रात्रींत एक दिवस उत्तरेचा, एक दक्षिणेचा, एक बोटीने इल-ओ-सर्फचा. गंगा तलाव आणि शामारेलची रंगीत माती यांना कुठेतरी चिकटवलेलं. आणि उरलेल्या चौकोनात लिहिलेलं, ‘निवांत: १० ते १२.३०’. साडेबारानंतर निवांतपणा करायचा नसतो, कारण जेवणाची रांग वाढते.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. खाणंपिणं, खेळ, छत्र्या, खुर्च्या सगळं दरातच धरलेलं रिसॉर्ट घेतलं, की मुकादमाला काही कामच उरत नाही. मग तो आपोआप आडवा होईल. प्रत्यक्षात याच्या नेमकं उलट घडतं. सगळं आधीच भरलेलं असलं की प्रत्येक न खाल्लेला पदार्थ म्हणजे नुकसान. एरवी मुलांना आइस्क्रीम नको म्हणणारा बाप इथे ‘घे अजून एक, पैसे दिलेत’ म्हणत मागे लागतो. त्यातच त्याला कळतं की मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सार्वजनिक आहे; म्हणजे ज्या ‘हॉटेलच्या बीच’साठी जास्तीचे पैसे मोजले त्याच्या कडेने कुणीही फुकट चालत जाऊ शकतं. या शोधाने तो हादरतो, आणि नंतर तोच शोध विमानतळापर्यंत भेटेल त्या मराठी माणसाला आनंदाने सांगतो. सोयींनी त्याचं काम कमी होत नाही, फक्त बदलतं; आणि तो ते कमी होऊ देणारही नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो बहुतेक घरांत बायकोच घेईल: हा गृहस्थ फक्त उभा असतो, काम दुसरंच कुणी करतं. बॅगा तिने भरलेल्या, धाकट्याचं औषध तिच्या लक्षात, वाळूने भरलेले कपडे बेसिनमध्ये पिळून बाल्कनीत वाळत घालणारी तीच. हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्यामुळे माझं म्हणणं पडण्याऐवजी पक्कं होतं. तिचं ते काम आहे, म्हणूनच ते संपावं असं तिला वाटतं, आणि संपलं की ती पाण्यात शिरते. त्याची देखरेख हे काम असतं तर त्यालाही ती संपावीशी वाटली असती. ‘तू जा पाण्यात, मी बघते सामान,’ असं ती मनापासून म्हणते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दिसतं ते हक्काची जागा जाण्याचं भय. तो जातो, घोट्यापर्यंत भिजतो, ‘मस्त आहे’ म्हणतो आणि पुन्हा टॉवेलांपाशी येऊन उभा राहतो. ऑफिसात त्याच्यावर तीन साहेब, सोसायटीत सेक्रेटरी, घरी वायफायचा पासवर्डसुद्धा मुलीच्या हाती. वर्षभरात याच काय त्या पाच रात्री, जेव्हा चार माणसं कुठे जायचं, किती वाजता आणि कशी, हे त्याला विचारतात. ही चैन आहे, आणि तिची किंमत इतरांना मोजावी लागते हेही खरं. पण शेजारच्या खुर्चीवर दोन आठवडे एकच जाड कादंबरी वाचत पडलेल्या जर्मन बाईच्या घरच्यांनाही काही मोजावं लागतच असेल.

उरला हा समज, की ही खास आपल्याकडची खोड आहे. तो घालवायला त्याच किनाऱ्यावर रविवारी जावं. त्या दिवशी बेटावरची कुटुंबं सुरूच्या सावलीत येतात ती पातेल्यांसकट: बिर्याणीची मोठाली भांडी, ताडपत्री, चटया, आजी, आणि संध्याकाळी सेगा नाचायला रावान हा डफ. तिथेही एक इसम ताडपत्रीची दोरी चौथ्यांदा सोडून पाचव्यांदा बांधत असतो. त्यांतल्या काहींचे पूर्वज कोकणातले. १८३४ पासून उसाच्या मळ्यांत करारावर आलेल्या मजुरांत मराठी माणसंही होती, आणि आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. पण दोरी बांधणारा तामिळही असतो, क्रिओलही, बिहारी वंशाचाही. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जो २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तिथे मुकादम आपल्या मुलांना आवर्जून नेतो आणि मजुरांच्या टोळीवर देखरेख करणाऱ्या सिरदाराची माहिती उत्साहाने वाचून दाखवतो. थोरली तेव्हा आईकडे बघून हसते. का, ते त्याच्या लक्षात येत नाही.

आणि मुलांचं तरी काय? किनाऱ्यावर मुलं खरी निवांत असतात असं आपण धरून चालतो. त्यांच्याकडे जरा वेळ बघावं. वाळूत आडवं पडलेलं सहा वर्षांचं मूल विरळाच. बाकी सगळी खणत असतात: खंदक, कालवा, धरण, धरणाच्या खाली दुसरं धरण. पाणी झिरपून जातं, पुन्हा आणायचं. मोठा भाऊ कमरेवर हात ठेवून धाकटीला बादली घेऊन पिटाळतो, ती ओली वाळू चुकीच्या ठिकाणी टाकते, तो ओरडतो, ती रडते, दोन मिनिटांत दोघं पुन्हा कामाला लागतात. घामाघूम होऊन, खांदे भाजून परत येतात आणि वर सांगतात की आज खूप मजा आली. या मजुरीला कुणी अस्वस्थपणा म्हणत नाही. तीच गोष्ट पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने टॉवेल आणि वेळापत्रक घेऊन केली, की मात्र त्याला आराम जमत नाही असं ठरतं. मुलांना हे साम्य आपल्याआधी कळलेलं असावं, कारण धरण फुटायला आलं की ती पोहणाऱ्या आईला हाक मारत नाहीत. काठावरच्या माणसाला बोलावतात. तो टोपी काढतो, पाऊच पोटावरून पाठीवर सरकवतो, फुटकी बाजू नीट बघून घेतो आणि विचारतो, ‘बादल्या किती आहेत आपल्याकडे?’