उपनगरी अश्वविद्या: नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम घोडा शोधावा. हे वाटतं तितकं अवघड नाही. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात घोडा दिसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: जुहूची चौपाटी, गुढीपाडव्याची शोभायात्रा, आणि लग्नसराईत कुठल्याही हॉलबाहेरचा रस्ता. सरकारी घोडा हवा असल्यास मरोळचं नाव लक्षात ठेवावं. मुंबई पोलिसांचं अश्वदल 1932 साली बंद झालं, कारण रस्त्यावर मोटारी वाढल्या. 2020 साली, म्हणजे मोटारींना हलायलाही जागा उरली नाही तेव्हा, ते पुन्हा उभं राहिलं आणि पागेसाठी मरोळची जागा ठरली. यामागचं तर्कशास्त्र ज्याला उमगत नाही त्याने संध्याकाळी सात वाजता अंधेरी-कुर्ला रोडवर रिक्षात बसून पाहावं.

घोडा सापडला की त्याची जात सांगावी. सांगावीच, गप्प राहिलात तर शेजारचा सांगेल. "मारवाडी आहे," एवढं म्हटलं तरी सहसा कोणी खोडून काढत नाही. पुरावा मागितलाच तर कानांकडे बोट करावं. मारवाडी आणि काठेवाडी या दोन्ही जातींचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकू पाहतात. दोघांत फरक काय, असं कोणी विचारलं तर फोन आल्याचं निमित्त करून बाजूला व्हावं. मुलुंड-घाटकोपरात मात्र आधीपासून "काठेवाडी" म्हणणं शहाणपणाचं. ऐकणाऱ्यांत कोणीतरी राजकोटकडचा निघतोच, आणि पुढची ओळख तोच करून देतो.

मराठी माणसाने भीमथडीचं नाव घ्यायला विसरू नये. राज्यगीतात आपण त्या तट्टांना थेट उत्तरेत पाणी पाजायला नेतो. प्रत्यक्षात ती पुणे-सोलापूर-सातारा भागात धनगरांची बिऱ्हाडं पाठीवर वाहतात. उंचीने बेताची, काटक, मिळेल ते खाऊन चालणारी. फोटोत उठून दिसत नाहीत, म्हणून लग्नाला कोणी बोलावत नाही. लग्नाला लागतो पांढरा घोडा. इथे नवशिक्याला मोठा मान मिळवून देणारी एक माहिती आहे: बहुतेक पांढरे घोडे जन्मतः काळपट असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. जन्मापासून पांढरा आणि कातडीने गुलाबी तो नुकरा. नाकपुडीजवळ पाहावं, कातडी काळसर दिसली तर नुकरा नव्हे. हे नवरदेवाच्या काकांना सांगू नये. त्यांनी नुकऱ्याचे पैसे मोजलेले असतात.

आता बसणं. घोड्याच्या डाव्या बाजूने चढावं, डावा पाय रिकिबीत, उजवा पलीकडे. शेरवानीत हे जमत नाही, म्हणून स्टूल लागतं, दोन मेव्हणे लागतात आणि लगाम धरणारा मोतद्दार लागतो. टाचा खाली, पाठ ताठ, नजर घोड्याच्या कानांमधून पुढे, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे नजर ड्रोनकडे ठेवण्याची पद्धत आहे. लगाम हातात मिळाला तरी तो शोभेचा समजावा. खरा दोर मोतद्दाराच्या मनगटाला गुंडाळलेला असतो. बेंजोवाल्यांनी ताशा कडाडून वाजवला की तो घोड्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटतो. काय, ते आजवर एकाही व्हिडिओत ऐकू आलेलं नाही.

स्पर्धा पाहायच्या असतील तर पूल ओलांडून महालक्ष्मीला जावं लागतं. अमॅच्युअर रायडर्स क्लब तिथे 1942 पासून आहे. ड्रेसाज हा प्रकार आधी समजून घ्यावा. 60 मीटर लांब, 20 मीटर रुंद आखाडा. स्वार तोंडातून चकार शब्द न काढता, नुसत्या मांड्या, बैठक आणि बोटांच्या इशाऱ्यावर घोड्याला नाचवतो. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण. हांगझोऊच्या एशियाडमध्ये 2023 साली भारताने याच प्रकारात सांघिक सुवर्ण मिळवलं. अश्वारोहणात आपल्याला तब्बल 41 वर्षांनी मिळालेलं सुवर्ण, आणि चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. वरातीशी गल्लत करू नये: ड्रेसाजमध्ये माणूस स्थिर असतो आणि घोडा नाचतो.

राहिला फोटो. खरं तर उपनगरात घोडा असतो तो यासाठीच. फोन घेऊन अगदी तोंडाशी जाऊ नये; डोकं ढोलाएवढं येतं आणि मागचा घोडा नाहीसा होतो. दहा-पंधरा पावलं मागे सरावं, कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीला धरावा, फोकस डोळ्यावर. कान मागे पडलेला घोडा चिडका दिसतो, बहुधा असतोही. कान टवकारायला भेळेचा रिकामा कागद चुरगाळावा, पण लांबून आणि एकदाच. फ्लॅश मारू नये. पळता घोडा टिपायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर न्यावं. कॅलेंडरावरचा घोडा चारही पाय ताणून उडतो. 1878 साली मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून दाखवलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. तसा फोटो मिळाला तर घरचे म्हणतात, हा अडखळलाय का? मोतद्दार मात्र प्रत्येक फोटोत येतो. त्याला कापायला गेलात तर घोड्याचं नाकही जातं. राहू द्यावा.

मोठी परीक्षा आषाढात. माउलींच्या पालखीचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून येतात: एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, कारण त्यावर स्वतः माउली असतात. चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण, पुढे पुरंदवड्याला गोल. अश्व गेल्याबरोबर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात आणि बोरिवलीहून भाड्याच्या बसने आलेल्या छायाचित्रकाराच्या भिंगासमोर शंभर पाठी उभ्या राहतात. त्यासाठी आधीच उंच जागा धरावी. ट्रॅक्टरची ट्रॉली उत्तम. मालकाला विचारून चढावं, आणि ट्रॅक्टर किती वाजता निघणार तेही तेव्हाच विचारून घ्यावं.