कूलर-विसर्जन आणि एसी-प्रतिष्ठापना

घरातली थंडाव्याची यंत्रणा बदलण्याचा निर्णय छत्रपती संभाजीनगरात साधारणपणे एप्रिलच्या उत्तरार्धात होतो. जानेवारीत हा विषय काढणाऱ्याला घरचे वेड्यात काढतात आणि मे उजाडल्यावर काढणाऱ्याला फिटिंगवाला पुढच्या आठवड्याची तारीख देतो. मधल्या काळात कूलरच्या जाळीतले जुने गवत निघते, पत्र्याच्या टाकीला तळाशी पडलेले भोक दिसते, त्यावर एम-सीलचा थर चढतो आणि "यंदा एसीच घेऊन टाकू" हे वाक्य उच्चारले जाते. ते बहुधा कूलरमध्ये पाणी भरणाऱ्याच्या तोंडून येते. झोतासमोर झोपणाऱ्याची कूलरबद्दल सहसा तक्रार नसते.

शास्त्राने पाहता कूलरवर हा अन्याय आहे. मराठवाड्यातली एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत असते आणि कूलरला तशीच हवा लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. पंखा आणि पंप मिळून दीडशे-दोनशे वॉटवर भागते. जून लागला, हवा दमट झाली की मात्र हेच यंत्र वाफारा देऊ लागते. पण जूनपर्यंत त्याच्यात खोट काढायला जागा नाही. त्याला फक्त पाणी लागते.

आणि इथेच घोडे पेंड खाते. शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. अंतर पन्नास-साठ किलोमीटर. नळापर्यंत यायला त्याला दिवस किती लागतील, हे वॉर्डावर अवलंबून. अपग्रेडचा खर्च ठरल्यापेक्षा का वाढतो, हे समजून घ्यायचे असेल तर शोरूममध्ये जाण्याआधी नव्या पाणीपुरवठा योजनेचा अभ्यास करावा. ती १,६८० कोटींची म्हणून निघाली आणि २,७४० कोटींवर गेली. तिच्यापुढे "स्टँडचे वेगळे पडतील" हे वाक्य सौम्य वाटते.

पाण्याला आरोग्याचीही बाजू आहे. एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाटचाल उन्हाळ्यात आठवडाभरात उरकते. म्हणून साठवलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्यावे, कूलर घासून कोरडा करावा, 'कोरडा दिवस' पाळावा, असे आरोग्य विभाग सांगतो. शहरात नळाला पाणी येण्याचा काळ आणि डासाच्या वाढीचा काळ जवळपास जुळून आल्यामुळे नागरिक इतर सहा कोरडे दिवस आपोआप पाळतात. सातव्या दिवशी पाणी आले असताना ते ओतून देण्याचे धैर्य मात्र क्वचितच कोणाला होते.

तेव्हा कुटुंब क्रांती चौकाकडे निघते. १८५७ साली बंड केलेल्या शिपायांना जिथे देहदंड दिला गेला, तो काळा चबुतरा याच चौकातला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मूक मोर्चा पहिल्यांदा निघाला तोही इथूनच. असा भारदस्त इतिहास ओलांडून, उड्डाणपुलाच्या सावलीतला सिग्नल सोडून, जालना रस्त्यावरच्या काचेच्या दारातून आत शिरले की पहिली गार झुळूक लागते. खरा निर्णय त्या झुळकेतच होतो. पुढची चर्चा फक्त आकड्यांची असते.

पहिला आकडा टनाचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता त्याच वेगाने खोलीबाहेर काढणे म्हणजे एक टन. आजच्या मापात साडेतीन किलोवॉट. लेबलवरची ही क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. संभाजीनगरात मे महिन्यात ३५ अंशांना लोक संध्याकाळ म्हणतात. बाहेर ४२ झाले की यंत्राची ताकद कमी होते, म्हणून खोली नीट मोजून, गच्चीखालची आहे की मधल्या मजल्यावरची हे पाहून टन ठरवावा. प्रत्यक्षात तो शेजाऱ्यांकडे किती टनाचा आहे यावरून ठरतो.

दुसरा आकडा ताऱ्यांचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १ जुलै २०२२ पासून निकष एक पायरी कडक केले आणि आदल्या दिवशीचे पंचतारांकित यंत्र रातोरात चौतारांकित झाले. त्यामुळे ताऱ्यांच्या जोडीने लेबलवरचा काळही वाचावा. तो वाचताना विक्रेत्याचे बोट नेमके त्याच जागी असते. दीड टनाच्या तीन आणि पाच तारांकित यंत्रांत वर्षाला साधारण दोनशे-सव्वादोनशे युनिटांचा फरक दिसतो, पण तो वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरून. ज्या घरात एसी फक्त उन्हाळ्यातले अडीच महिने, रात्रीचे आठ तास चालणार, तिथे वापर ६०० तासांचा आणि बचत पंचाहत्तर ते पंचाऐंशी युनिटांची. दिवसभर घरात माणसे असतील तर पाच तारे परवडतात. नसतील तर तीन पुरतात. "साहेब, थोडेच वाढवा, फाइव्ह स्टार येतोय" या युक्तिवादात तासांचा उल्लेख नसतो.

तिसरी बाब गॅसची. जुना आर-२२ ओझोनच्या मुळावर उठला म्हणून मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट भारी आहे. हे सर्व ऐकून ग्राहक विचारतो, "दरवर्षी गॅस भरायला किती?" उत्तर आहे, शून्य. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर नळी कुठेतरी गळते आहे आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे कूलरचे एम-सील महाग करून लावणे. तरीही दर चैत्रात गॅस भरून घेण्याची प्रथा अनेक घरांत कुळाचारासारखी चालू आहे.

उरलेले अपग्रेड झटपट आटोपता येतात. मोबाइलवरून चालू होणारा एसी ऑफिसातून सुरू करता येतो, घरी पोचेपर्यंत लाइट राहिली तर. हवा गाळणारी जाळी चांगलीच, फक्त तिला महिन्यातून दोनदा धुवावे लागते आणि धुण्याचे अपग्रेड अजून आलेले नाही. 'हॉट अँड कोल्ड' यंत्र डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या थंड रात्रींसाठी विकले जाते. त्या रात्रींसाठी कपाटावर गोधड्या आहेत, पण गोधडीला रिमोट नाही.

ज्या अपग्रेडची खरी गरज असते, ते शोरूममध्ये मिळत नाहीत. जुन्या वायरिंगवर दीड टन चढवण्याआधी महावितरणकडचा मंजूर भार तपासणे, अर्थिंग करून घेणे, एसीला स्वतंत्र लाइन ओढणे ही कामे करणारा वायरमन हप्त्यावर येत नाही, म्हणून ती राहतात. गच्चीच्या स्लॅबला पांढरा चुना मारणे, पश्चिमेच्या खिडकीबाहेर हिरवी जाळी बांधणे, दारांच्या फटी बुजवणे यांनी यंत्रावरचा भार हलका होतो. मात्र यांवर ना कॅशबॅक, ना एक्स्चेंज. शहराला हे पूर्वी कळत होते. पाणचक्कीत मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, आणि भर उन्हाळ्यात तिथे गार वाटते. त्या दालनावर तारे नाहीत, वॉरंटी कार्डही नाही. हौदात पाणी मात्र होते.

शेवटी प्रतिष्ठापना. आतले युनिट आपल्या भिंतीवर, बाहेरचे शेजाऱ्याच्या गॅलरीकडे तोंड करून, असा संकेत आहे. त्यातून निघणारी गरम हवा शेजाऱ्याचा पुढच्या वर्षीचा निर्णय सोपा करते. तांब्याची नळी फुटावर मोजली जाते आणि मोजणाऱ्याचा फूट अंमळ आखूड असतो. जुना कूलर भंगारात देऊ नये असे ठरते. तो गच्चीवर जातो आणि पाण्याच्या दिवशी टाकी म्हणून भरला जातो. तेव्हा त्यावर झाकण ठेवावे. एसीच्या ड्रेन पाइपमधून मे महिन्यात जेमतेम ठिबकणारे पाणी जुलैत बादलीभर निघते. ते फरशी पुसायला, झाडांना चालते. पिण्यास वापरू नये.